लहान संग्रहालयात मोबाइलवरचा शोधखेळ: क्यूआर, एनएफसी, बीकन की एआर?

दालनदिवा

नमस्कार मंडळी. एका लहान वस्तुसंग्रहालयात १० ते १५ वर्षांच्या मुलांसाठी मोबाइलवर खेळायचा शोधखेळ बसवायचा आहे. दालनं तीन, मांडलेल्या वस्तू साधारण तीनशे: नाणी, धातूच्या मूर्ती, दगडी शिल्पं, जुनं कापड आणि थोडी हस्तलिखितं. बहुतेक सगळं काचपेट्यांमध्ये आहे. भिंती जाड दगडी, त्यामुळे आतल्या दोन दालनांत मोबाइलची रेंज नसल्यासारखीच. तांत्रिक बाजू सांभाळायला वेगळा माणूस नाही, म्हणजे एकदा बसवलं की फार देखभाल न मागता चाललं पाहिजे.

माझ्यासमोरचे प्रश्न असे. अ‍ॅप करावं की ब्राउझरमध्ये उघडणारं साधं वेबपान? मुलं कोणत्या वस्तूपाशी उभी आहेत हे ओळखायला क्यूआर, एनएफसी (फोन टेकवला की वाचला जाणारा टॅग) की बीकन (सतत ब्लूटूथ सिग्नल सोडणारं छोटं यंत्र)? एआरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या दृश्यावर आभासी वस्तू दाखवण्याचा, मोह होतोय, पण तो काचेआडच्या वस्तूंवर चालतो का? घरी बसून खेळता येईल असा ऑनलाइन भाग जोडायचा तर कसा? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलं वस्तूकडे बघायची सोडून स्क्रीनकडेच बघत फिरू नयेत यासाठी खेळाची रचना कशी असावी?

चौकटकोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: वेबपान. दारातच अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितलं की अर्धी मंडळी तिथेच गळतात. कुणाच्या फोनमध्ये जागा नसते, कुणाला स्टोअरचा पासवर्ड आठवत नाही, आणि मुलांच्या हातातला फोन बहुधा आईबाबांचा असतो. शिवाय अ‍ॅप एकदा करून सोडून देता येत नाही. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांप्रमाणे ते वेळोवेळी सुधारून स्टोअरवर पुन्हा चढवावं लागतं. वेगळा माणूस नसेल तर दोन-तीन वर्षांत ते अ‍ॅप मेलंच समजा.

ओळखीसाठी क्यूआर घ्या. हा कोड जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी काढला. २०१७ मध्ये आयफोनचा कॅमेरा तो थेट वाचू लागला आणि वेगळ्या स्कॅनरची कटकट संपली. तरीही संग्रहालयांमध्ये लावलेले कोड वाचले जात नाहीत, याची कारणं ठरलेली आहेत.

एक म्हणजे आकार. ढोबळ हिशेब १० ला १. फोन ४० सेंमीवरून धरला जाणार असेल तर कोडची बाजू किमान ४ सेंमी हवी. माहितीफलकाच्या कोपऱ्यात दीड सेंमीचा कोड कोंबला की लोक फोन जवळ नेतात, आणि मोठ्या सेन्सरचे नवे कॅमेरे इतक्या जवळून फोकसच करू शकत नाहीत. म्हणजे महागडा फोन अडतो आणि जुना वाचतो, आणि लोकांना वाटतं कोडच खराब आहे.

दुसरं म्हणजे घनता. वेबपत्ता जितका लांब तितके चौकोन जास्त आणि बारीक. सगळ्यात लहान कोड २१×२१ चौकोनांचा असतो, पुढची प्रत्येक आवृत्ती ४ चौकोनांनी वाढते. २५×२५ च्या कोडमध्ये ‘एम’ पातळीची दुरुस्ती (कोडचा खराब झालेला भाग भरून काढायची सोय) ठेवून साधारण २६ अक्षरं मावतात. पण पूर्ण पत्ता इंग्रजी मोठ्या लिपीतल्या अक्षरांत दिला तर कोड वेगळ्या पद्धतीने भरला जातो आणि त्याच आकारात ३८ अक्षरं बसतात. डोमेनच्या नावाला लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही. मात्र त्यापुढच्या भागाला पडतो, तेव्हा सर्व्हरवर दोन्ही चालतील अशी सोय करून घ्या. सगळ्यात बरं म्हणजे डोमेनपुढे फक्त दोन-तीन आकडे ठेवायचे.

दुरुस्तीच्या पातळ्या चार: एल, एम, क्यू आणि एच. अनुक्रमे साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. आत धूळ-पाऊस नाही, त्यामुळे ‘एम’ पुरेशी आहे. मधोमध बोधचिन्ह बसवायचा हट्ट असेल तरच ‘एच’ घ्या. माझ्या मते तो हट्ट सोडलेलाच बरा. कोडभोवती चारही बाजूंनी चार चौकोनांइतकी पांढरी जागा सोडणं सक्तीचं आहे. ही जागा कापून फलक ‘नीटनेटका’ करणारे डिझायनर पुष्कळ भेटतात. काळ्यावर पांढरा असा उलटा कोडही छापू नका, काही वाचक तो ओळखत नाहीत.

चकचकीत लॅमिनेशन टाळा. काचपेटीवरचा दिवा नेमका कोडवर चमकतो आणि मधला भाग पांढरा होऊन जातो. मॅट कागद किंवा मॅट पत्रा वापरा, कोड पेटीच्या बाहेर, जमिनीपासून ९० ते ११० सेंमीवर, जरा तिरक्या पट्टीवर लावा. चाकाच्या खुर्चीवरून आणि दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरूनही तो वाचता येतो.

शेवटचं आणि सर्वांत दुर्लक्षित: ‘बदलता येणारा कोड’ देणाऱ्या बाहेरच्या सेवा घेऊ नका. वर्गणी थांबली की दालनातले सगळे कोड एका रात्रीत मुके होतात. कोड स्वतःच्या डोमेनवरच्या छोट्या पत्त्याकडे न्या आणि तिथून पुढे हव्या त्या पानावर वळवा. पान बदललं तरी छापलेला कोड तोच राहतो. आणि प्रत्येक कोडखाली तीन आकडी क्रमांक ठळक छापा. कॅमेरा फुटलेला असेल, हात थरथरत असतील, तर क्रमांक टाकून पुढे जाता आलं पाहिजे.

स्पर्शखूण

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण एनएफसीला इतक्या लवकर बाजूला सारू नका. दृष्टिहीन किंवा अंधुक दिसणाऱ्या मुलांना क्यूआरवर नेम धरणं अवघड जातं. एनएफसीला नेम लागत नाही, पट्टीवरची उठावाची खूण बोटाने शोधायची आणि तिथे फोन टेकवायचा. न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयाने २०१५ पासून प्रेक्षकांच्या हातात एक पेन दिलं. माहितीफलकावर पेन टेकवलं की त्या वस्तूची नोंद तुमच्या नावे जमा व्हायची, आणि त्याच्या मुळाशी फलकात दडवलेले एनएफसी टॅगच होते. टेकवणं ही कृतीच मुलांना खेळासारखी वाटते.

खरेदी करताना एनटॅग २१३ हा प्रकार पुरे होतो. त्यात वापरासाठी १४४ बाइट जागा असते, म्हणजे वेबपत्ता आरामात बसतो. २१५ किंवा २१६ ची जास्त जागा इथे वायाच जाते. चार गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात.

टॅग धातूवर चिकटवला की तो वाचला जात नाही. १३.५६ मेगाहर्ट्झच्या क्षेत्रामुळे धातूत भोवरी प्रवाह तयार होतात आणि टॅगला ऊर्जाच पोचत नाही. स्टीलच्या स्टँडवर, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर लावायचे असतील तर मागे फेराइटचा थर असलेले ‘ऑन-मेटल’ टॅग घ्या. पत्ता लिहून झाला, तपासून झाला की टॅग कायमचा कुलूपबंद करा, नाहीतर कुणीही स्वतःच्या फोनवरून त्यात भलताच पत्ता लिहू शकतो. कुलूप लावलं की ते परत उघडत नाही, म्हणून पत्ता आधी दोनदा तपासा. तिसरं, फोनमध्ये अँटेना कुठे आहे ते फोनगणिक बदलतं. आयफोनमध्ये वरच्या कडेला, अँड्रॉइडमध्ये बहुधा पाठीच्या मध्यावर. त्यामुळे खुणेजवळ दोन्हींची छोटी चित्रं हवीत. चौथं, अ‍ॅप न उघडता टॅग वाचणं आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून पुढेच चालतं, आणि अँड्रॉइडमध्ये एनएफसी चालू असावं लागतं, स्वस्त फोनमध्ये ते नसतंही. म्हणून माझं म्हणणं असं की एकाच पट्टीवर दोन्ही ठेवा: वर क्यूआर, खाली टॅग, दोन्हींचा पत्ता एकच.

बीकनबद्दल मात्र स्पष्ट नकार. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी माणसाचं शरीर शोषून घेतं, त्यामुळे बीकन आणि फोन यांच्यामध्ये तीन मुलं येऊन उभी राहिली की सिग्नल पडतो आणि फोनला वाटतं आपण लांब गेलो. दालन कोणतं हे बीकन सांगेल, पण शेजारशेजारच्या दोन पेट्यांपैकी कोणती हे खात्रीने सांगणार नाही. शोधखेळात नेमकं तेच हवं असतं. शिवाय बीकनसाठी अ‍ॅप लागतं, कारण सफारीसारख्या ब्राउझरमधून ते वाचताच येत नाही. अ‍ॅपशिवाय सूचना दाखवायची गूगलची सोय होती, तीही डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. आणि प्रत्येक बीकनमधला सेल संपतो, प्रत्येकाचा वेगळ्या दिवशी.

काचपेटी

संवर्धनाच्या बाजूने काही गोष्टी सांगते. कारण असे प्रकल्प करताना त्या नेमक्या शेवटी आठवतात.

काचपेटीच्या आत काहीही चिकटवू नका. क्यूआरचा स्टिकर, एनएफसी टॅग, थ्रीडी प्रिंट केलेली खूण, रबरी पायाची पट्टी, काहीच नाही. पेटीतली हवा फारशी बदलत नाही, त्यामुळे डिंकातून किंवा प्लास्टिकमधून निघणारी वाफ आतच साठत राहते. काही डिंक आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) यांतून असेटिक आम्ल सुटतं आणि ते शिशाला खातं. शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या जुन्या नाण्यांवर पांढरी भुकटी दिसायला लागली की समजायचं. पीव्हीसीच्या लॅमिनेशनमधून क्लोराइड येतं, त्याने तांबं आणि कांसं बिघडतं. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आत ठेवणं टळतच नसेल तर त्या साहित्याची ऑडी चाचणी करून घ्या. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आहे. बंद बाटलीत त्या साहित्याचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या ठेवून ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवतात आणि पट्ट्यांवर काय परिणाम झाला ते पाहतात. त्यापेक्षा सगळं बाहेर ठेवणं कितीतरी सोपं.

कापड आणि हस्तलिखितांच्या दालनात प्रकाश ५० लक्सच्या आसपास असायला हवा. खेळामुळे तो वाढवायचा नाही. पण इतक्या मंद उजेडात दोन गोष्टी होतात. कोड वाचला गेला नाही की लोक फोनचा टॉर्च लावतात, आणि तो थेट कापडावर पडतो. म्हणून त्या दालनातले कोड नेहमीपेक्षा दीडपट मोठे करा, आणि पट्टीवर खालच्या बाजूला आडोसा असलेला छोटा दिवा द्या, म्हणजे उजेड कोडपुरताच राहील. दुसरं, फोनची पांढरी स्क्रीन काचेत आरशासारखी उमटते आणि मुलाला वस्तूऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो. त्या दालनातली पानं गडद पार्श्वभूमीची करा. हा बदल करायला अर्धा दिवसही लागत नाही, आणि त्यानंतर मंद उजेडातलं भरतकाम खरोखर दिसायला लागतं.

फोटो काढायला लावणारी कोडी इथे ठेवू नका. फ्लॅश बंद ठेवा असा फलक कितीही मोठा लावला तरी कुणाचा तरी फ्लॅश ‘ऑटो’वर असतोच.

दालनदिवा

सगळ्यांचे आभार, खूप उपयोगी पडतंय. बीकनवर फुली मारली. आता रेंजचा प्रश्न आहे. आत नेट नसेल तर वेबपान कसं चालणार? आणि एका वेळी चाळीस मुलांचा वर्ग आला तर वायफाय पुरेल का?

चौकटकोड

वेबपान ऑफलाइन चालवता येतं. दाराशी, जिथे नेट आहे तिथे, पहिला कोड उघडला की सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) सगळी पानं, चित्रं आणि आवाज फोनमध्ये साठवून घ्यायचे. त्यानंतर आतल्या दालनात नेट नसलं तरी पत्ता तोच असल्यामुळे पान फोनमधूनच उघडतं. यासाठी एकूण बोजा ४-५ एमबीच्या आत ठेवा. चित्रं वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात, रुंदी १२०० पिक्सेलच्या वर नको. आवाज एकाच चॅनलचा, ६४ केबीपीएसचा ठेवला की एक मिनिट म्हणजे साधारण ४८० केबी. साठवण पूर्ण झाल्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसेपर्यंत आत सोडू नका. अर्धवट साठवलं गेलं की तिसऱ्या थांब्यावर पान कोरं येतं, आणि तोवर मुलं दारापासून लांब गेलेली असतात.

इथे एक खड्डा आहे. पहिला कोड कॅमेऱ्याने उघडला तर पान सफारी किंवा क्रोममध्ये उघडतं. पुढचा कोड मुलाने एखाद्या मेसेजिंग अ‍ॅपमधल्या किंवा दुसऱ्या स्कॅनरने वाचला तर पान त्या अ‍ॅपच्या पोटातल्या खिडकीत उघडतं. त्या खिडकीचा साठा वेगळा असतो, त्यामुळे जमवलेले गुण गायब दिसतात. यावर उपाय दोन. खेळाच्या पानातच ‘कोड वाचा’ हे बटण द्या, म्हणजे बाहेर पडायलाच लागत नाही. त्यासाठी पान एचटीटीपीएसवर असावं लागतं, कॅमेऱ्याची परवानगी मागावी लागते, आणि आयफोनसाठी कोड उलगडणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी पानासोबतच द्यावी लागते. दुसरा उपाय म्हणजे मी आधी म्हटलेला तीन आकडी क्रमांक. रकाना अंकी कीबोर्ड उघडणारा ठेवा. मला विचाराल तर लहान संग्रहालयात क्रमांकाचा रस्ता मुख्य आणि कोड दुय्यम ठेवला तरी काही बिघडत नाही.

मुलांना घरी जाऊन खेळ पुढे न्यायचा असेल तर फोनच्या साठ्यावर विसंबू नका. वेबपानांनी साठवलेली माहिती सफारी सात दिवस वापर नसेल तर पुसते. निघताना चार-पाच अक्षरांचा ‘परतीचा शब्द’ दाखवा, तो कागदावर लिहून नेता येतो. नाव, ईमेल, जन्मतारीख काहीही मागू नका. मुलांची माहिती गोळाच केली नाही की ती सांभाळायची जबाबदारीही येत नाही.

वर्गाचं म्हणाल तर चाळीस मुलांना चाळीस फोन लागत नाहीत, चौघांत एक पुरतो. दहा फोनला प्रवेशदाराशी एक ठीकठाक वायफाय राउटर पुष्कळ झाला, तो ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. पासवर्डसाठी लॉगिन पान उघडणारी पद्धत टाळा, कारण ते पान फोनमधल्या छोट्या वेगळ्या खिडकीत उघडतं आणि खेळ तिथेच सुरू केला तर साठवण होत नाही. साधा पासवर्ड फलकावर छापा.

मराठी मजकुराबद्दल एक सूचना. देवनागरी फॉन्टची फाइल लहान करायला त्यातली ‘न लागणारी’ अक्षरं काढून टाकली जातात. हे करताना जोडाक्षरांचे आकारही उडाले तर ‘क्ष’, ‘त्र’, ‘द्ध’ तुटून दिसतात. फाइल कापल्यावर सगळा मजकूर एकदा डोळ्याने वाचा. ओळींमधलं अंतर दीडपटीपेक्षा कमी ठेवलं की वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात.

सोंगटी

शेवटच्या प्रश्नावर लिहितो, कारण माझ्या मते बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

कोड्याचं उत्तर वस्तूत असायला हवं. माहितीफलकात नको, इंटरनेटवर नको. ‘ही मूर्ती कोणत्या शतकातली?’ हा प्रश्न विचारला की मुलगा फलक वाचतो, आकडा टाकतो, मूर्तीकडे बघतही नाही. त्याऐवजी असं विचारा: ‘या मूर्तीचा एक हात नंतर जोडलेला आहे. कोणता? धातूचा रंग आणि सांध्याची रेघ बघ.’ नाण्यांच्या पेटीसमोर: ‘या नऊ नाण्यांतलं एक सगळ्यात जास्त हातांतून फिरलं आहे. ते ओळख.’ मुलं वाकतात, बाजूने बघतात, झिजलेली कड शोधतात, आणि आपापसांत भांडतात. हे भांडणच आपल्याला हवंय. कापडासाठी: ‘विणकराने एका ठिकाणी धागा बदलला आहे, तो शोध.’ अशी कोडी लिहायला अभिरक्षकाने प्रत्येक वस्तूसमोर बसून तिच्याकडे बघायला हवं, टेबलावर बसून ती लिहिता येत नाहीत.

प्रश्न दोन ओळींत संपवा. स्क्रीनवर वाचायला पंधरा-वीस सेकंद, आणि वस्तूसमोर निदान मिनिटभर, असं प्रमाण ठेवा. प्रश्न वाचून झाला की स्क्रीनवर फक्त वस्तूचा क्रमांक आणि ‘उत्तर सापडलं’ हे एक बटण उरावं. हलणारी चित्रं, टाळ्यांचा आवाज, उडणारे तारे नकोत, नजर तिकडे ओढली जाते. पर्याय आधीच दाखवले तर मुलं तुक्का मारतात, म्हणून ते बटण दाबल्यावरच दाखवा.

वेळेवर गुण अजिबात देऊ नका. वेळ मोजायला लागलात की दालनात धावाधाव सुरू होते आणि सुरक्षारक्षक पहिल्याच आठवड्यात खेळ बंद करायला लावतील. गुण द्यायचेच तर निरीक्षणाला द्या: चुकलेल्या उत्तरानंतर पुन्हा बघून बरोबर सांगितलं तर पूर्ण गुण. जगभरच्या खेळाडूंची गुणतालिका लावायचा विचारही सोडा. एका वर्गाने उत्तरं लिहून पुढच्या वर्गाला दिली की तिला अर्थ राहत नाही. प्रत्येक वस्तूसाठी तीन-चार प्रश्नांचा साठा ठेवून त्यातला एक उचलला, तर नक्कल बरीच कमी होते.

थांबे सात ते नऊ, एकूण वेळ ४० मिनिटं. त्यापलीकडे बाराव्या वर्षी लक्ष टिकत नाही, आणि उभं राहून पाय दुखतात. दहा गट एकाच थांब्यापासून सोडले तर तिथे कोंडी होते. गटांना वेगवेगळ्या थांब्यांपासून आरंभ द्या, क्रम तोच, फक्त सुरुवात पुढेमागे. गटातला फोन दर थांब्याला दुसऱ्याच्या हाती जायला हवा, आणि ते स्क्रीननेच सांगावं: ‘आता फोन डावीकडच्या मित्राला दे.’ नाहीतर एकच मुलगा खेळतो आणि तिघं मागे फिरतात.

काही जागा खेळातून पूर्ण वगळा. २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तेव्हा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाला लोकांना जाहीर विनंती करावी लागली की इथे हा खेळ खेळू नका. मानवी अवशेष, स्मारकं, ज्यांची आजही पूजा होते अशा वस्तू यांच्यासमोर गुण मोजणं शोभत नाही.

बहुभुज

एआरबद्दल. चालतं, पण जिथे वस्तू स्वतः काही सांगू शकत नाही तिथेच वापरा. स्मिथसोनियनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘स्किन अँड बोन्स’ नावाचं अ‍ॅप काढलं. सांगाड्यावर फोन धरला की त्यावर कातडी चढते आणि प्राणी हलतो. तिथे एआरला काम आहे, कारण सांगाड्यावरून तो प्राणी डोळ्यासमोर येत नाही. भंगलेल्या शिल्पाचा हरवलेला भाग, दगडावरचा उडालेला रंग, नाण्याची मागची बाजू ही तुमच्याकडची योग्य ठिकाणं. समोर धडधाकट दिसणाऱ्या मूर्तीची आणखी एक आभासी मूर्ती दाखवण्यात काही मजा नाही.

काचेआडच्या वस्तूवर थेट चिकटणारं एआर टाळाच. फोन आजूबाजूच्या पृष्ठभागावरचे ठळक ठिपके पकडून स्वतःची जागा ठरवतो. काचेवरची प्रतिबिंबं फोन हलला की हलतात, गुळगुळीत फरशीवर ठिपकेच सापडत नाहीत, आणि ५० लक्सला कॅमेऱ्यात इतके दाणे येतात की चित्र थरथरतं. त्यापेक्षा पेटीशेजारी मॅट छापील चित्र लावा आणि आभासी वस्तू त्यावर उभी करा. एआरकोअर या गूगलच्या एआर प्रणालीसाठी असं चित्र निदान १५×१५ सेंमी, सपाट आणि भरपूर तपशिलाचं हवं. गूगलचं साधन चित्राला १०० पैकी गुण देतं, ७५ च्या खालचं घेऊ नका. ठरावीक अंतराने तेच ते येणारी नक्षी टाळा, फोन कोपरे एकमेकांत मिसळतो.

वेबपानातून करायचं असेल तर आयफोनच्या सफारीत वेबएक्सआर (ब्राउझरमधूनच एआर दाखवायची सोय) चालत नाही हे धरून चला. तिथे प्रतिकृतीची यूएसडीझेड प्रकारची थ्रीडी फाइल, जी फोनमधल्याच क्विक लुकमध्ये उघडते, आणि अँड्रॉइडसाठी जीएलबी फाइल, अशा दोन फाइली ठेवाव्या लागतात. त्यात वस्तू जमिनीवर किंवा टेबलावर उभी राहते, छापील चित्राला चिकटत नाही. तुमच्या खेळाला एवढं पुरे.

प्रतिकृती फोटोग्रामेट्रीने, म्हणजे सगळ्या बाजूंनी काढलेल्या फोटोंवरून थ्रीडी आकार बनवून, करा. फिरत्या पाटावर वस्तू ठेवून, साधी पार्श्वभूमी, सगळीकडून सारखा पसरलेला उजेड, तीन उंचींवरून मिळून ८० ते १५० फोटो, शेजारच्या दोन फोटोंत ७० टक्के भाग सामायिक. फोकस आणि एक्स्पोजर हातानेच कायम करा. दगड, भाजलेली माती, लाकूड छान येतं. चकचकीत धातू, काच आणि एकरंगी गुळगुळीत पृष्ठभाग फसतात, कारण संगणकाला दोन फोटोंतला तोच बिंदू ओळखता येत नाही. धातूसाठी दिव्यावर आणि लेन्सवर ध्रुवण फिल्टर आडवे-उभे लावले तर चमक बरीच मरते. तयार होणाऱ्या जाळीत लाखो त्रिकोण असतात. ते ५०,००० च्या आसपास आणा, बारीक खाचाखोचा नॉर्मल मॅपमध्ये (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात) उतरवा, टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) २०४८ पिक्सेलचं. फाइल ५ एमबीच्या आत आली नाही तर दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर ब्राउझरच बंद पडतो. या फाइली चौकटकोड यांनी सांगितलेल्या ऑफलाइन बोज्यात धरू नका. एआर फक्त प्रवेशदाराजवळच्या, नेट असलेल्या दालनात ठेवा.

उभं राहायची जागा जमिनीवर पावलं रंगवून दाखवा. एआर बघताना माणूस मागे मागे सरकतो, आणि मागे दुसरी पेटी असते.

जोडकाम

घरून खेळायच्या भागासाठी नवा गेम घडवायची गरज नाही. २०२० मध्ये संग्रहालयं बंद असताना गेटी आणि मेट्रोपॉलिटन या दोन अमेरिकी संग्रहालयांनी आपल्या संग्रहातली चित्रं ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या खेळात नेता येतील अशी सोय केली. लोकांनी आपल्या आभासी घरांच्या भिंतींवर ती लावली. दोघांकडे मुक्त वापराला खुली केलेली, नीट नोंदलेली चित्रं आधीपासून तयार होती, म्हणून हे झटपट जमलं. दुसरं टोक म्हणजे नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाने २०१७ मध्ये काढलेला ‘फादर अँड सन’ हा मोबाइल गेम. तो घरी खेळता येतो, पण त्यातला काही भाग संग्रहालयात प्रत्यक्ष पोचल्यावरच खुलतो. ही कल्पना तुम्ही लहान प्रमाणात उचलू शकता: घरच्या खेळात सात कड्यांचं कुलूप, त्यातल्या दोन कड्या दालनातल्या वस्तू बघितल्याशिवाय उघडत नाहीत.

तुमच्यासाठी मी ‘हा तुकडा कुठला?’ हा खेळ सुचवेन. वस्तूचा मोठा फोटो घ्यायचा, त्यातला एक बारीक चौकोन दाखवायचा, आणि मुलाने पूर्ण फोटोत झूम करत तो शोधायचा. ट्रिपल-आय-एफ (आयआयआयएफ) या, संग्रहालयांचे फोटो वेबवर देण्याच्या ठरलेल्या पद्धतीने फोटो ठेवले तर तुकडे कापून वेगळे साठवावे लागत नाहीत. फोटोच्या पत्त्यातच भाग, आकार, फिरवण्याचा कोन आणि दर्जा या क्रमाने लिहायचं. भागाच्या जागी डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची हे चार आकडे दिले की सर्व्हर तेवढाच तुकडा पाठवतो. म्हणजे नवं कोडं घालायचं तर चार आकडे बदलायचे. चालता सर्व्हर ठेवणं जड वाटत असेल तर फोटोंच्या फरशा (छोटे चौकोनी तुकडे) आधीच कापून साध्या होस्टिंगवर ठेवता येतात. त्यात मात्र कोणताही तुकडा मागता येत नाही, कोड्यांचे तुकडे आधी ठरवून कापावे लागतात. फोटोची लांब बाजू ६००० पिक्सेलच्या पुढे असेल तरच झूम करण्यात गंमत आहे. आणि फोटो चढवण्याआधी हक्क तपासा. उसनी आणलेली वस्तू आणि हयात कलाकाराची कलाकृती वगळा.

दालनदिवा

आता बरंच स्पष्ट झालं. सुरुवात कुठून करावी? पट्ट्या छापायला टाकाव्यात का?

सोंगटी

छापायला आत्ता नका टाकू. आधी कागदावर खेळवा. नऊ कोडी नऊ चिठ्ठ्यांवर लिहा, मुलांचे तीन-चार गट बोलवा, आणि एक जण घड्याळ घेऊन बाजूला उभा राहून प्रत्येक थांब्यावर दोनच गोष्टी टिपेल: वस्तूकडे किती सेकंद बघितलं, आणि चिठ्ठी कितीदा पुन्हा वाचली. चिठ्ठी तीनदा वाचली गेली तर प्रश्नाची भाषा अवघड आहे. दहा सेकंदांत उत्तर आलं तर कोडं सोपं आहे किंवा उत्तर फलकात दिसतंय. अशी कोडी बदला आणि पुन्हा खेळवा.

मग त्याच जागी साध्या कागदावर छापलेले कोड तात्पुरत्या टेपने पट्टीवर लावून महिनाभर चालवा. सर्व्हरच्या नोंदीत कोणत्या थांब्याचं पान किती वेळा उघडलं ते दिसतं. एखाद्या थांब्यावर आकडा एकदम पडला असेल तर तिथे जाऊन सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी फोन धरून बघा, बहुतेक वेळा खिडकीतला कवडसा किंवा दिवा कोडवर येत असतो. ऑफलाइन उघडलेली पानं या नोंदीत येत नाहीत, तेव्हा फोन पुन्हा नेटवर आला की एकत्रित आकडे पाठवायची सोय चौकटकोड यांच्याकडून समजून घ्या. पक्क्या पट्ट्या त्यानंतर.